एस्लिन नर्स आणि रक्ताची वाट

एस्लिनला माणसाचं शरीर आतून कसं असतं हे पहिल्यांदा कळलं ते डुकरात. थोरल्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांना द्यायची डुकरं कापायचं काम सकायस मामाकडे होतं. पोरींनी तिथे घुटमळायचं नसतं. एस्लिनला हाकललं की ती ब्रेडफ्रूटच्या झाडामागे जायची आणि पाठ वळली की परत यायची. शेवटी मामाच कंटाळला आणि एकेक अवयव हातात धरून तिला सांगायला लागला. हे फुगतं. हे गाळतं. हे कडू असतं, फुटलं तर सगळं मांस वाया, म्हणून याला हळूच काढायचं. मग त्याने सुरीची मूठ आपल्याच बरगडीखाली टेकवली आणि म्हणाला, "माझंही कडू इथेच आहे. तुझ्या मामीला विचार."

पुढे ती राजधानीत, पोर्ट विलाला, नर्सिंग शिकायला गेली. अॅम्ब्रिम बेटाच्या उत्तरेकडच्या तिच्या गावातून नर्सिंगला जाणारी ती पहिलीच मुलगी. वडिलांनी सुक्या खोबऱ्याची पोती होडीत चढवून तिच्या बोटीच्या भाड्याची सोय केली होती आणि आईने निरोप देताना एवढंच सांगितलं होतं की रडू आलं तर रड, पण परत येऊ नकोस.

परत यायची वेळ मात्र आलीच होती, आणि ती शरीररचनेच्या विषयामुळे. बाकी विषयांत एस्लिन बरी होती. जखम बांधणं, ताप बघणं, बाळंतिणीजवळ बसणं हे तिला जणू घरूनच येत होतं. पण शरीररचनेचं पुस्तक उघडलं की हाडांची, स्नायूंची, नळ्यांची परकी नावं मुंग्यांसारखी पानभर फिरायला लागायची. बरोबरच्या मुली घोकून मोकळ्या व्हायच्या. एस्लिनही घोकायची, पण सकाळी उठली की डोकं पुसलेल्या पाटीसारखं कोरं. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली आणि दुसरीतही नापास झाली तर घरी पाठवतील असं कळलं.

हा विषय शिकवायच्या सिस्टर नेस्टा. सॉलोमन बेटांवरच्या मलाइताच्या. अंगाने दणकट, आवाज त्याहून दणकट. त्यांनी एस्लिनला एका रविवारी दुपारी चर्च सुटल्यावर घरी बोलावलं. एस्लिन घाबरत गेली. आता आपली बोळवण करणार, असंच तिला वाटत होतं. स्वयंपाकघरात गेली तर टेबलावर केळीचं पान आणि त्यावर गायीचं अख्खं काळीज. वरच्या नळ्या अजून लोंबत होत्या.

"पुस्तक बाहेर ठेव," नेस्टा म्हणाल्या. "बोट घाल."

एस्लिनने बोट घातलं. नेस्टांनी तिला एकेका कप्प्यातून बोट फिरवायला लावलं. उजवीकडचा वरचा आणि खालचा, तसेच डावीकडचे दोन. उजव्या बाजूची भिंत पातळ, कारण तिला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं. डावी भिंत तीन बोटं जाड, कारण तिला ते पार डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत पोचवायचं असतं. मग नेस्टांनी डावीकडच्या खालच्या कप्प्यात पाणी भरलं आणि दोन्ही पंजांनी बाहेरून दाबलं. आतले पातळ पांढरे पडदे वर आले, एकमेकांना भिडले आणि दार बंद झालं. मागे एक थेंब गेला नाही. सगळं पाणी पुढच्या मोठ्या नळीतून उसळलं आणि थेट नेस्टांच्या चर्चच्या झग्यावर.

झगा भिजला त्याचं नेस्टांना काहीच वाटलं नाही. त्या पुनःपुन्हा पाणी भरत होत्या, एस्लिन पुनःपुन्हा दाबत होती आणि दार पुनःपुन्हा बंद होत होतं. तिला ते बघून रडू आलं. आईने रडायला परवानगी दिलेली होतीच. आपल्या आतही हे चाललंय, आपण झोपलो तरी चाललंय, कोणी शाबासकी दिली नाही तरी चाललंय, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं. संध्याकाळी दोघींनी ते काळीज चिरून नारळाच्या दुधात शिजवलं आणि उकडलेल्या तारोच्या कंदांबरोबर खाल्लं. "आता नापास झालीस तर माझी गाय परत दे," असं नेस्टांनी दारात बजावलं.

त्यानंतर दर रविवारी काही ना काही टेबलावर असायचं. मूत्रपिंडं, फुप्फुसाचा तुकडा, आतड्याचं वेटोळं. आधी हाताला वस्तू कळायची, मग तिचं काम कळायचं आणि नाव सगळ्यात शेवटी यायचं. तेवढं उशिरा आलेलं नाव मग डोक्यातून जात नसे. एस्लिन पास झाली.

अॅम्ब्रिमला परतल्यावर तिला गावच्या दवाखान्यात नेमलं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पावसाचं पाणी साठवायची टाकी आणि ज्वालामुखीची राख बसून सदा काळं असणारं छप्पर. तिथे तिने लग्न केलं, दोन मुलं वाढवली आणि गावातली बहुतेक बाळंतपणं केली. बुधवारी दुपारी बायका चटया विणायला एकत्र बसायच्या, तेव्हा ती त्यांच्यात बसून शरीराबद्दल सांगायची. अन्न तोंडातून निघतं ते कुठे कुठे जातं, पाणी कुठे गाळलं जातं, मूल कुठे वाढतं. बायका विणता विणता ऐकायच्या आणि टोमणे मारायच्या. एकदा एक म्हातारी म्हणाली, "माझ्या पोटात काय आहे ते मला नको सांगूस, नर्स. लाप्लाप आहे. कंद किसून मीच भाजला आणि मीच खाल्ला." सगळ्या हसल्या, एस्लिनही हसली आणि म्हणाली की बुबू आजी, त्या लाप्लापचं उद्या तुझ्या गुडघ्यात बळ होणार आहे, तेवढं कसं होतं ते ऐकून घे. बुबूने ऐकून घेतलं. गुडघ्याचा विषय निघाला की ती नेहमीच ऐकायची.

त्याच गावात ओबेद राहायचा. एस्लिनच्या नवऱ्याचा लांबचा भाऊ, म्हणजे तिचा दीर. आमच्याकडे दीर-भावजय एकमेकांना 'तावी' म्हणतात आणि त्यांनी एकमेकांची थट्टा केली नाही तर लोकांना भांडण झालंय असं वाटतं. ओबेद राखेवर चित्रं काढण्यात साऱ्या उत्तरेत नावाजलेला होता. जमीन तळहाताने सपाट करायची, आधी आडव्या-उभ्या रेघांची चौकट आखायची आणि मग एकाच बोटाने, बोट न उचलता, काढलेल्या रेघेवरून परत न जाता सगळं चित्र पुरं करून जिथे सुरुवात केली तिथेच येऊन थांबायचं. बोट उचललं की चित्र गेलं. ओबेदचं बोट कासव काढायचं, मासा काढायचं, मेलेल्या माणसाची पलीकडची वाट काढायचं, आणि लोक श्वास रोखून बघायचे.

ओबेदची मुलगी रोलिन दहा-अकरा वर्षांची असेल. एका मोसमात तिचा घसा दुखला आणि बरा झाला. घसा कोणाचा दुखत नाही, म्हणून कोणी दवाखान्यात आणली नाही. काही आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला. गुडघा उतरला तर कोपर सुजलं, कोपर बरं होतंय तोवर घोटा. दुखणं अंगात फिरतंय म्हटल्यावर घरात कुजबुज सुरू झाली. फिरणारं दुखणं आपोआप येत नाही, ते कोणीतरी पाठवलेलं असतं. ओबेदचा आणि त्याच्या बायकोच्या भावाचा यामच्या कंदांच्या बागेच्या हद्दीवरून वाद चालू होता. ओबेदच्या मनात संशय शिरला आणि तिथेच रुतला.

एस्लिनने मुलीच्या छातीला नळी लावली, ऐकलं आणि तिथेच पुन्हा ऐकलं. दोन स्वच्छ ठोक्यांच्या मध्ये एक सुसकारा होता, फटीतून वारा जातो तसा. मोठ्या इस्पितळातून फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी तेच निदान केलं. संधिवाताचा ताप, त्याने हृदयाचं एक दार खराब झालंय, आणखी खराब होऊ नये म्हणून दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन, कित्येक वर्षं.

इंजेक्शन जाड आणि दुखरं. रोलिन ओरडायची, आई तिला धरायची, ओबेद बाहेर जाऊन उभा राहायचा. काही महिने झाले आणि मुलगी उड्या मारायला लागली. तेवढ्यात शेजारच्या गावच्या एका जाणत्याने ओबेदला सांगितलं की पाठवलेलं दुखणं सुईने जात नाही, पाठवणाऱ्याला शोधावं लागतं. ओबेदने मुलीला दवाखान्यात आणणं बंद केलं. एस्लिन दोनदा घरी गेली. पहिल्या वेळी रोलिन चुलतबहिणींकडे गेलीय म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी ओबेदनेच दार अडवलं आणि थट्टेचा एक शब्दही न बोलता तिला परत पाठवलं. गावाने ते पाहिलं.

पावसाळा उतरला तेव्हा रोलिनची आई नेली धावत दवाखान्यात आली. मुलीला आडवं झोपता येत नव्हतं. आडवी झाली की गुदमरायची. पाय सुजून चकचकीत झाले होते. आणि ओबेद बाहेर बसून सुरा घासत होता. तो सुरा घेऊन तिच्या भावाकडे जाईल, ही नेलीची दुसरी भीती.

एस्लिन औषधांची पेटी घेऊन निघाली. रोलिन भिंतीला टेकून बसली होती, मान पुढे, ओठ निळसर. एस्लिनने तिला सूज उतरवायचं औषध दिलं, नेलीला तिच्या पाठीशी उशा रचायला लावल्या आणि नवऱ्याला ओबेदच्या होडीची तयारी करायला निरोप धाडला. पण ओबेदने हो म्हटल्याशिवाय मुलगी त्या अंगणाबाहेर पडणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

ती बाहेर आली, ओबेदसमोर जमिनीवर बसली आणि तळहाताने राख सपाट केली. ओबेदने वर पाहिलं नाही. तिने चौकट आखली, वाकडीतिकडी. मधोमध चार घरं केली आणि बोट फिरवायला लागली. थोडं पुढे जाऊन ती अडकली आणि बोट उचललं गेलं.

"गेलं," ओबेद म्हणाला. त्याच्याने राहवलं नाही.

"मला येत नाही, तावी. तू काढ, वाट मी सांगते. रोलिनच्या छातीतलं चित्र आहे."

ओबेदने सुरा बाजूला ठेवला, तिची चौकट पुसून स्वतःची आखली आणि बोट टेकवलं. एस्लिनने वाट सांगायला सुरुवात केली. रक्त उजवीकडून आत येतं, थकलेलं, काळपट. तिथून फुप्फुसात. तिथे हवा घेतं आणि लाल होतं. परत काळजाच्या डाव्या बाजूला. तिथून वर डोक्याकडे, म्हणजे माणूस विचार करू शकतो, आणि परत उजवीकडे. आता पुन्हा फुप्फुसात.

"पुन्हा?"

"दर वेळी. हवा घेतल्याशिवाय कुठेच जायचं नाही."

ओबेदने फुप्फुसासाठी पहिल्या पाकळीशेजारी दुसरी पाकळी काढली. मग वाट आतड्याकडे गेली, तिथून अन्न उचलून यकृतात, यकृतातून परत. पुन्हा फुप्फुसात. मग मूत्रपिंडांकडे, जिथे ते गाळून निघतं, आणि परत. मग हातांकडे. मग पायांकडे, सगळ्यात लांब. ओबेदचं बोट आता थांबत नव्हतं. ती सांगायच्या आधीच तो फुप्फुसाच्या पाकळीकडे वळायचा. शेवटची पाकळी काढून बोट सुरुवातीच्या जागेवर येऊन टेकलं तेव्हा राखेत एक मोठं फूल उमललं होतं. दाराशी उभी असलेली नेली पुढे येऊन बघायला लागली.

"एकाच रेघेत होतंय," ओबेद स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला.

"प्रत्येकात होतं. तुझ्यातही आत्ता चाललंय. या घरांना दारं आहेत, रेघ पुढेच जावी म्हणून." तिने डावीकडच्या दोन घरांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. "रोलिनचं हे दार नीट मिटत नाही. रक्त पुढे जातं आणि थोडं उलटं येतं. असं." आणि तिने बोटाने रेघ मागे ओढायला सुरुवात केली.

ओबेदने तिचा हात धरला. दिराने भावजयीचा हात धरणं आमच्याकडे रीतीत बसत नाही, पण त्या वेळी कोणाला त्याचं भान नव्हतं.

"नको. चित्र मरतं."

"हो," एस्लिन म्हणाली. "म्हणून ती गुदमरतेय. उलटं आलेलं रक्त फुप्फुसात तुंबतंय."

"दार कोणी फोडलं?"

हाच प्रश्न होता. एस्लिनने घाई केली नाही. घसा दुखला तेव्हा बारीक किडे आत आले होते, असं तिने सांगितलं. त्यांच्याशी लढायला अंगातलेच शिपाई उठले. ते चांगले शिपाई, रोज आपल्याला वाचवणारे. पण या किड्याचा चेहरा आणि काळजाच्या दाराचा चेहरा थोडा सारखा आहे. शिपाई फसले. गुडघ्यात गेले, कोपरात गेले, आणि शेवटी घरचंच दार परक्याचं समजून त्यावर तुटून पडले. सुईचं औषध त्या किड्यांना परत येऊ देत नाही, म्हणजे शिपाई पुन्हा उठत नाहीत.

"म्हणजे बाहेरून कोणी नाही?"

"कोणी नाही. तुझा मेहुणा त्या दिवसांत याम लावत होता, तावी. त्याच्या मुलाचाही घसा दुखत होता. त्याला मीच औषध दिलं."

ओबेद चित्राकडे बघत राहिला. मग उठला, आत गेला आणि मुलीला बसत्या अवस्थेतच दोन्ही हातांवर उचलून बाहेर आला. होडीकडे जाताना वाटेत मेहुण्याचं घर लागायचं. ओबेद तिथे थांबला आणि म्हणाला, "माझ्या होडीचं इंजिन जुनं आहे. तुझं काढ." मेहुण्याने एक शब्द न विचारता इंजिन खांद्यावर घेतलं. क्रेग कोव्हच्या विमानाच्या धावपट्टीपर्यंत दोघे भाऊ-भाऊ असल्यासारखे शेजारी बसून गेले, असं एस्लिन पुढे सांगायची.

विलाच्या इस्पितळात रोलिनचा जीव सावरला. पुढच्या वर्षी हृदयाचे सर्जन ऑस्ट्रेलियाहून फिजीत येणार होते. त्यांच्या यादीत रोलिनचं नाव लागलं. नेली तिच्याबरोबर गेली. सर्जननी दार बदललं नाही, तेच शिवून नीट केलं. रोलिन परत आली तेव्हा छातीवर उभा व्रण होता आणि ती तो येईल त्याला दाखवत होती. एस्लिनने नळी लावली आणि डोळे मिटून ऐकलं. सुसकारा पार गेला नव्हता, पण आता फार लांबून आल्यासारखा होता. दोन ठोके मात्र ठणठणीत. तिने नळी काढून ओबेदच्या कानाला लावली. तो ऐकत राहिला. शेवटी रोलिनच वैतागली आणि मला खेळायला जायचंय म्हणाली.

आमच्याकडे चित्राला मालक असतो. दुसऱ्याचं चित्र काढायचं तर त्याला डुक्कर द्यावं लागतं, तेव्हा हक्क मिळतो. ओबेदने पुरुषांच्या सभेत उठून सांगितलं की नव्या चित्राचं नाव 'एस्लिनची वाट', आणि ज्याच्या घरी आजारी मूल आहे त्याने ते फुकट काढावं. मुखियाला हे पटलं नाही. असं वाटत सुटलं तर उद्या कासवही फुकट मागतील, असं त्याचं म्हणणं. ओबेदने उत्तर दिलं की कासव माझं आहे, हे मात्र मला मिळालेलं आहे. मिळालेल्याची किंमत कशी लावू? मुखियाने कावाच्या पेयाची करवंटी रिकामी केली आणि विषय तिथेच संपला. आता उत्तरेतल्या कुठल्याही गावात जा, दवाखान्याच्या अंगणात कोणीतरी ते फूल काढत बसलेलं दिसतं. रोलिनने तर एकही इंजेक्शन चुकवलं नाही. मोठी झाल्यावर ती स्वतःच येऊन बाकावर बसायची आणि एस्लिनला उशीर झाला तर ओरडायची.

एस्लिन निवृत्त झाली त्याच्या पुढच्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या छातीत ऐकलेले आवाज आता तिच्याच उजव्या बाजूला येत होते. ताप डोक्यात चढला होता, प्रत्येक श्वास सुरीच्या टोकावरून ओढल्यासारखा. रोलिन तिच्यापाशी राहिली. श्वास पुरत नाही तेव्हा माणसाला कसं बसवायचं, पाठीला कुठे आधार द्यायचा, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. नव्या नर्सने औषधं दिली, नेलीने कोंबडीचं पाणी पाजलं, ओबेद दारात बसून वाईट वाईट विनोद सांगत राहिला. हसलं की दुखतं, असं एस्लिनने सांगूनही तो थांबला नाही. दुखतंय म्हणजे आहेस, असं त्याचं म्हणणं. हळूहळू ताप उतरला. एका सकाळी ती उठून बसली, खोल श्वास घेतला, आणि तो खालपर्यंत गेला. कुठेही न अडता. तिने आणखी एक घेतला, नुसता खात्रीसाठी.

यामचं पीक निघाल्यावर चर्चमध्ये आभाराचा रविवार असतो. लोक पहिले याम वेदीपुढे रचतात आणि ज्याला वाटेल तो उठून कशाबद्दल आभार ते सांगतो. कोणी पावसाबद्दल सांगितलं, कोणी परत आलेल्या मुलाबद्दल, कोणी वादळ बाजूने गेलं त्याबद्दल. मग एस्लिन काठी टेकत उभी राहिली.

"उजव्या फुप्फुसाबद्दल," ती म्हणाली.

मागच्या बाकांवर हसू फुटलं. पाद्रीबाबांनाही आवरेना. त्यांनी विचारलं, "आणि डाव्याने काय पाप केलं, एस्लिन?"

"डावं माझ्यासाठी दोघांचं काम करत होतं, पाद्रीबाबा. त्याचे आभार घरी मानून आले."

ती बसली. तिने आणलेले याम इतरांच्या रचलेल्या यामांशेजारीच होते, लांबट, अंगाला काळी माती अजून चिकटलेले. गाणं सुरू झालं आणि तीही गायला लागली. वरचे सूर तिला आता झेपत नव्हते. तिथे ती थांबायची, पोटभर श्वास घ्यायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा सगळ्यांबरोबर व्हायची.